डेसिफर टेस्ट : माझा आकडा ०.४७ आणि माझे साडेतीन स्टार

आमच्या मंडळातल्या एका मित्राचं मागच्या महिन्यात प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन, की अरे तू ती डेसिफर नावाची टेस्ट केली होतीस ना, मला पण डॉक्टर सांगतोय, करू का, की नुसते पैसे उकळायचे धंदे आहेत. मी पाऊण तास फोनवर बोललो. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने परत पहिल्यापासून सगळं विचारलं, परत पाऊण तास. शेवटी माझीच बायको म्हणाली, अहो एकदा कुठेतरी लिहून टाका बघू, दर वेळी ताट वाढून मी वाट बघत बसते. म्हणून हा रिव्ह्यू. डेसिफर म्हणजे काढलेल्या ट्यूमरवरून तो पुढे पसरेल का याचा अंदाज देणारी टेस्ट. लोक एअर फ्रायरचे रिव्ह्यू लिहितात, मी ट्यूमरच्या टेस्टचा लिहितोय, चालायचंच.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, मग इकडे न्यू जर्सीत पंचवीस वर्षं डेटाबेस सांभाळले, त्यामुळे आकड्यांची भीती नाही पण रक्त बघितलं की चक्कर येते. कॅन्सर झाल्यावर रात्री झोप लागत नाही तेव्हा माणूस एकतर देवाचं वाचतो नाहीतर पबमेड, म्हणजे डॉक्टरी पेपरांची साइट. मी दोन्ही वाचलं.

गोष्ट सुरू होते २०१६ पासून. पीएसए, म्हणजे रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं एक प्रोटीन, हळूहळू वर सरकत होता, बायोप्सी केली, बारा सुया, सगळ्या क्लीन. आम्ही श्रीखंड आणलं. आठ महिन्यांनी पीएसए परत वर. आता परत सुया टोचून घ्यायच्या का? कारण पीएसए हा कॅन्सरचा मार्कर नाहीये, तो प्रोस्टेटचा मार्कर आहे, ग्रंथी नुसती वाढली तरी वाढतो, इन्फेक्शन झालं तरी वाढतो. तेव्हा युरॉलॉजिस्ट म्हणाला की लघवीची एक टेस्ट आहे, पीसीए३, प्रोजेन्सा नावाने येते, ती करू. ही जेन-प्रोब कंपनीची, एफडीएने २०१२ च्या फेब्रुवारीत मान्यता दिलेली, आणि मान्यता नेमकी माझ्यासारख्यांसाठीच, म्हणजे पन्नाशीच्या पुढचे पुरुष, आधीची बायोप्सी निगेटिव्ह, आता परत करायची का नाही एवढंच ठरवायचंय.

टेस्ट कशी होते ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. डॉक्टर ग्लोव्ह घालून मागून प्रोस्टेट दाबतो, डाव्या बाजूला तीनदा, उजव्या बाजूला तीनदा, हे असं मोजूनमापून, आणि मग लगेच तुम्ही पळत जाऊन पहिली धार बाटलीत धरायची. दाबल्यामुळे प्रोस्टेटच्या पेशी लघवीत उतरतात, त्यातला आरएनए ते मोजतात. आनंददायक प्रकार नाही पण बारा सुयांपुढे ही म्हणजे अगदीच मावशीने कान पिळल्यासारखी.

आता इथे मला पहिल्यांदा कळलं की पीसीए३ हा जो काय आरएनए आहे त्यापासून शरीरात काहीच बनत नाही. शाळेत आपण काय शिकलो, डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन, आरएनए म्हणजे मधला पोस्टमन. पण हा पोस्टमन पत्र देतच नाही, नुसता सायकलवरून फिरतो. याला म्हणतात नॉन-कोडिंग आरएनए. आपल्या डीएनएतला जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रोटीनच्या रेसिपीचा, बाकी सगळ्याला १९७२ मध्ये सुसुमु ओनो नावाच्या शास्त्रज्ञामुळे जंक हे नाव चिकटलं, जंक डीएनए, म्हणजे आपल्याकडे माळ्यावर टाकलेली अडगळ. आणि पुढे लक्षात आलं की माळ्यावर रात्रभर कुणीतरी खुडबुड करतंय, त्या अडगळीतूनही ढीगभर आरएनए तयार होतोय, काही जीन्सना चालूबंद करतो, काही नुसताच आहे. १९९९ मध्ये हॉलंडमधलं नाइमेखन आणि बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स इथल्या लोकांनी मिळून हा आरएनए छापून आणला तेव्हा नाव होतं डीडी३, बघितलं तर जवळजवळ प्रत्येक प्रोस्टेट ट्यूमरमध्ये तो शेजारच्या चांगल्या पेशींपेक्षा कितीतरी पटीने जास्त, आणि शरीरात बाकी कुठे फारसा सापडतच नाही. असा मार्कर मिळणं म्हणजे लॉटरी आहे.

आणि टेस्टची रचना पण हुशारीची आहे हो. बाटलीत कधी जास्त पेशी येतील कधी कमी, मग नुसता पीसीए३ मोजून काय उपयोग, म्हणून ते त्याच लघवीत पीएसएचा आरएनए पण मोजतात, तो साधारण किती प्रोस्टेट पेशी आल्या ते सांगतो, मग भागाकार करायचा आणि हजाराने गुणायचं. २५ च्या खाली आला तर परत बायोप्सीत काही सापडायची शक्यता कमी.

माझा आला ५८.

मी घरी येऊन त्रैराशिक मांडलं. २५ ला लाइन, मी ५८ वर, म्हणजे दुपटीहून जास्त डेंजर. दोन रात्री झोपलो नाही. दुसऱ्या बायोप्सीत काय निघालं, एका सुईत, तेही अगदी थोडं, ग्लीसन तीन अधिक तीन, म्हणजे सगळ्यात मवाळ प्रकार, डॉक्टर म्हणाला हात लावू नका, लक्ष ठेवू. मग तो ५८ कशाचा? तर डॉक्टरने जे सांगितलं ते मी आज सगळ्यांना सांगतो: पीसीए३ सांगतो कॅन्सर असेल का. तो किती माजलेला आहे, पुढे हाडात जाईल का, ते सांगायला तो बनवलेलाच नाही. स्कोर आणि आक्रमकपणा यांचा संबंध लावायचे बरेच प्रयत्न झालेत, काहींना दिसला, काहींना नाही, भरवसा ठेवावा असं काही हाती नाही. चोर घरात आहे का हा एक प्रश्न, चोराकडे सुरा आहे का हा वेगळा. पहिल्या प्रश्नाला म्हणतात डायग्नोसिस आणि दुसऱ्याला प्रोग्नोसिस, आणि या दोन शब्दांत मी चार वर्षं गल्लत करत होतो, इंजिनिअर असून.

२०२१ ला सुरा निघाला. लक्ष ठेवता ठेवता बायोप्सी तीन अधिक चार झाली, रोबोटने ऑपरेशन केलं, काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीत गेली आणि रिपोर्ट आला चार अधिक तीन, म्हणजे तीन अधिक चारपेक्षाही माजलेला, थोडा कॅन्सर कवचाबाहेर, आणि एका ठिकाणी मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कापलेल्या कडेलाच पेशी दिसल्या, म्हणजे आत काही राहिलं असू शकतं. पीएसए मात्र शून्याला टेकलेला.

आता या जागेवर जो उभा राहिलाय त्यालाच कळेल. लगेच रेडिएशन घ्यायचं, की थांबायचं आणि पीएसए हलला तर घ्यायचं? जुने डॉक्टर म्हणायचे लगेच घ्या. २०२० मध्ये रॅडिकल्स, रेव्ह्ज आणि फ्रेंचांची एक अशा तीन ट्रायल एकदम बाहेर आल्या आणि तिन्हींचा सूर एकच, बहुतेकांनी थांबून पीएसएवर लक्ष ठेवलं आणि हलल्याबरोबर रेडिएशन घेतलं तरी काही बिघडत नाही, उलट कित्येकांचं रेडिएशनच वाचतं, आणि रेडिएशन म्हणजे लघवीचे त्रास, मोठ्या आतड्याचे त्रास, ते सगळं वाचतं. पण बहुतेकांनी म्हणजे मी धरून की सोडून? कवचाबाहेर गेलेला, मार्जिन पॉझिटिव्ह, मी त्या बहुतेकांत बसतो का? इथे डॉक्टर म्हणाला, डेसिफर करू.

तर डेसिफर. मूळ कंपनी जिनोमडीएक्स, व्हँकूव्हर आणि सॅन डिएगोची, पुढे तिने टेस्टचंच नाव लावून घेतलं, डेसिफर बायोसायन्सेस, आणि २०२१ मध्ये व्हेरासाइटने ती ६० कोटी डॉलरला विकत घेतली. म्हणजे माझी टेस्ट चालू असतानाच्या वर्षात मालक बदलला, पण प्रॉडक्ट तेच. इथे कुणी तुम्हाला सुई टोचत नाही, दाबत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा हॉस्पिटलने आधीच मेणात बसवून ठेवलेला असतो, त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात, त्यातला सगळ्यात वाईट दिसणारा भाग निवडून सॅन डिएगोच्या लॅबला जातो. तिथे आरएनए बाहेर काढतात. आता फॉर्मॅलिन आणि मेणात आरएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात, जुनं वर्तमानपत्र हातात घेतलं की कसं कुरकुरत सुटतं तसं, म्हणून ते अखंड ओळ वाचायला जातच नाहीत, एका चिपवर सुमारे १४ लाख जागा आहेत, प्रत्येक जागा जिनोममधला एकेक बारीक तुकडा ओळखते, कुठला तुकडा किती आहे ते मोजायचं. आणि हे १४ लाख नुसते प्रोटीनवाल्या जीन्सचे नाहीत, माळ्यावरच्या अडगळीतलेही आहेत.

२०१३ मध्ये त्यांनी जो पेपर काढला त्यात मेयो क्लिनिकच्या १९८७ ते २००१ या काळात ऑपरेशन झालेल्या ५४५ पेशंटचे जुने ब्लॉक काढले. पुढे कुणाच्या हाडात गेला आणि कुणाच्या नाही हे तोवर माहीत झालेलं होतं, म्हणजे पेपर सोडवून उत्तरपत्रिका हातात आहे, आता फक्त कुठल्या तुकड्यांवरून ते आधीच ओळखता आलं असतं ते शोधायचं. १४ लाखांतून उरले २२. आणि गंमत म्हणजे या २२ मध्ये निम्म्याहून जास्त असे आहेत जे प्रोटीनच्या रेसिपीच्या भागातले नाहीतच, कुणी इंट्रॉनमधला, म्हणजे जीनच्या मधल्या पण रेसिपीत न येणाऱ्या तुकड्यातला, कुणी जीनच्या शेपटाकडचा, कुणी उलट्या दिशेने वाचला जाणारा. पीसीएटी-३२ आणि पीसीएटी-८० अशी दोन नावं तर सरळसरळ लाँग नॉन-कोडिंग, ही पीसीएटी घराणी मिशिगनच्या चिन्नयन यांच्या ग्रुपने २०११ मध्ये शोधली, प्रोस्टेट कॅन्सरमध्ये दिसणारे १२१ अनोळखी आरएनए एका झटक्यात. मला हे वाचून उगाच बरं वाटलं. आयुष्यभर ज्याला अडगळ म्हणून बाजूला सारलं तोच कामाला आला, आमच्या आजीच्या पितळी डब्यासारखं.

या २२ मोजमापांवरून आकडा काढायची पद्धत रँडम फॉरेस्ट. माझ्या धंद्यातली आहे म्हणून एक ओळ: खूप सगळी छोटी छोटी निर्णयाची झाडं, प्रत्येक झाड दोनचार प्रश्न विचारून आपलं मत देतं, शेवटी मतमोजणी. ग्रामपंचायतच म्हणा, फक्त दारू वाटत नाहीत. निकाल ० ते १ मध्ये. ०.४५ च्या खाली लो, ०.४५ ते ०.६० मधला, ०.६० च्या वर हाय.

सर्व्हिसबद्दल आता, कारण रिव्ह्यू म्हटला की लोक तेच शोधतात. लॅबकडून मला काही त्रास झाला नाही, ब्लॉक पोचल्यावर रिपोर्ट वेळेत आला. त्रास आधी झाला. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, नाव घेत नाही, त्यांच्या पॅथॉलॉजीने ब्लॉक पाठवायला तीन आठवडे लावले, मग पाठवला तो चुकीचा, ज्यात कॅन्सर नावालाच होता, परत मागवला, परत फॉर्म, परत सही. फोन केला की म्यूझिक. तेव्हा ज्यांना करायची आहे त्यांनी ऑर्डर गेल्यावर पाचव्या दिवशी स्वतः पॅथॉलॉजीला फोन करायचा आणि विचारायचं, बाई, ब्लॉक निघाला का. नर्सवर सोडू नका.

आणि पैसे. टेस्टचा दर ५ हजार डॉलरच्या वर आहे, मेडिकेअर, म्हणजे पासष्टीच्या पुढच्यांचा सरकारी इन्शुरन्स, देतं, पण मी तेव्हा ५९ चा, खाजगी इन्शुरन्सवाला. त्यांनी पहिलं पत्र पाठवलं की हे एक्स्पेरिमेंटल आहे, देणार नाही. हिने ते पत्र वाचून मराठीत जे उद्गार काढले ते इथे लिहीत नाही. डॉक्टरच्या ऑफिसने अपील केलं, सोबत एनसीसीएन, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर सेंटरांच्या संघटनेच्या, गाइडलाइनची पानं जोडली, दोन महिन्यांनी मंजूर. पहिलं नाही हे नाही नसतं, ते नुसतं बघतायत तुम्ही गप्प बसता का.

तर आकडा. ०.४७.

बघा म्हणजे. शून्य ते एक एवढी मोठी रांगोळी आणि आमचा ठिपका कुठे, तर लाइनच्या दोन बोटं पलीकडे. लो असता तर पेढे, हाय असता तर निदान कंबर कसून तयारी. हा ना धड इकडचा ना तिकडचा. मी डॉक्टरला विचारलं, ०.४७ म्हणजे पसरायची शक्यता ४७ टक्के का? हे जवळजवळ प्रत्येकजण विचारतो म्हणे. नाही! स्कोर म्हणजे टक्के नाहीत. पाच वर्षांत मेटास्टेसिसची, म्हणजे कॅन्सर दुसरीकडे पसरण्याची, शक्यता रिपोर्टवर वेगळी छापलेली असते, आणि माझी ती एक आकडी होती. हे त्या रिपोर्टवर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, कारण आकडा ठळक आणि टक्केवारी खाली, माणूस आधी ठळक बघतो, आणि पाणी पितो. अर्धा स्टार मी इथे कापलाय.

दुसरा अर्धा त्या ०.४५ च्या लाइनसाठी. ०.४४ आणि ०.४७ मध्ये असा काय फरक आहे की एकाला लो म्हणायचं आणि दुसऱ्याला मधला? परत तोच ब्लॉक दुसऱ्या कोपऱ्यातून घेतला असता तर आकडा थोडा हलला नसता का? ट्यूमर सगळीकडे सारखा नसतो, चिवड्यासारखा असतो, एका मुठीत शेंगदाणे जास्त, दुसऱ्या मुठीत पोहे. हे मी डॉक्टरला बोललो तर तो हसला आणि म्हणाला, म्हणून मी एकट्या आकड्यावर काही ठरवत नाही. ठीक आहे, पण पेशंट ठरवतो ना रात्री दोन वाजता.

आणि आणखी एक, ते ५४५ लोक मिनेसोटातल्या मेयोचे, बहुतेक सगळे गोरे. पुढे इतर ठिकाणी, काळ्या अमेरिकन पुरुषांमध्ये पण ही टेस्ट तपासली गेली आहे, पण आमच्यासारखे वरणभातवाले त्यात कितीसे असणार.

मग उपयोग झाला की नाही? झाला. आणि नेमका कुठे झाला ते महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या वेळी नाही झाला. थांबायचं ठरलं तसंही आम्ही थांबणारच होतो असं मला आता वाटतं, आकडा हाय आला असता तर कदाचित नसतो थांबलो एवढंच. खरा उपयोग चौदा महिन्यांनी झाला. पीएसए ०.१, मग ०.२. आता रेडिएशन नक्की. प्रश्न होता, सोबत हार्मोन थेरपी, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबून टाकायचे उपचार, घ्यायची का, आणि किती.

इथे एक जुनी ट्रायल आहे, आरटीओजी ९६०१. १९९८ ते २००३ मध्ये लोक घेतले, रेडिएशनसोबत निम्म्यांना दोन वर्षं रोज १५० मिलिग्रॅम बायकॅल्युटामाइड, म्हणजे हार्मोन थेरपीची गोळी, निम्म्यांना साखरेची गोळी. बारा वर्षांनी गोळीवाल्यांत ७६ टक्के हयात, दुसऱ्यांत ७१. म्हणजे पाच टक्क्यांचा फायदा, पण दहातल्या सात पुरुषांची छाती वाढली. मग २०२१ मध्ये त्याच ट्रायलच्या जपून ठेवलेल्या ब्लॉकमधून ३५२ जणांचे डेसिफर स्कोर काढले, वीस वर्षं मेणात पडलेले तुकडे बरं का, आणि मग दिसलं की तो फायदा सगळ्यांना सारखा नव्हता. लो स्कोरवाल्यांना बारा वर्षांनी फायदा २.४ टक्के, त्याच्या वरच्यांना ८.९. आणि ज्यांचं रेडिएशन पीएसए कमी असतानाच सुरू झालं त्यांच्यातल्या लो स्कोरवाल्यांचं पारडं तर उलट तोट्याकडे झुकलेलं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं की हा खरा रिव्ह्यू, कंपनीच्या ब्रोशरपेक्षा. एकच औषध, एकाला कामाचं, दुसऱ्याला फुकटचा ताप, आणि कुणाला काय ते आधी सांगता येतं थोडंफार. थोडंफार हं. जुन्या ट्रायलचं मागे वळून केलेलं गणित आहे हे, आधीपासून ठरवून केलेलं नाही. ते ठरवून करायला आता अमेरिकेत एनआरजी नावाच्या संशोधन गटाच्या जीयू००९ आणि जीयू०१० अशा ट्रायल काढल्यात, त्यात डेसिफर स्कोर बघूनच कुणाचे हार्मोन कमी करायचे आणि कुणाचे वाढवायचे ते ठरतं. फक्त त्या ऑपरेशन न झालेल्यांसाठी आहेत, रेडिएशनने उपचार करणाऱ्यांसाठी.

मी ०.४७. त्या गणितात वरच्या गटात. पण पीएसए अगदी लवकर पकडलेला. डॉक्टर, मी आणि ही, तिघांनी बसून ठरवलं की दोन वर्षं गोळ्या नको, आणि काहीच नको असंही नको, फ्रेंचांच्या एका ट्रायलमध्ये सहा महिन्यांची इंजेक्शनं होती तसं सहा महिने घेऊ. आकडा ०.२ आला असता तर नुसतं रेडिएशन घेतलं असतं, ०.८ आला असता तर दोन वर्षं गुमान घेतली असती. तर मधल्या आकड्याला मधलं औषध. गणिती दृष्ट्या मला हे पटत नाही पण संसारी दृष्ट्या पटतं.

त्या सहा महिन्यांबद्दल एकच सांगतो. जानेवारीत बाहेर बर्फ, आणि मी घरात बनियनवर पंखा लावून घाम पुसतोय, आणि ही सोफ्यावर शाल घेऊन बसलेली, माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, आता कळलं? पाच वर्षं मी काय सांगत होते?

आता नेटवरच्या बाकीच्या आरएनए टेस्टबद्दल, कारण मित्राने तेही विचारलं. तो म्हणाला नेटवर बघतोय तर शेकडो पेपर आहेत, या कॅन्सरसाठी आठ नॉन-कोडिंग आरएनएची सिग्नेचर, त्या कॅन्सरसाठी पाचची, मग त्या टेस्ट कुठे मिळतात? कुठेच नाही रे बाबा. ते मीही रात्री वाचून वाचून डोळे फोडून घेतले. बरेचसे असे असतात की अमेरिकेचा ट्यूमरच्या जीन्सचा सार्वजनिक डेटा आहे, टीसीजीए, तो उतरवून घ्यायचा, कॉम्प्युटरवर दळायचा, एक यादी काढायची, आलेख जोडायचा, छापायचं. दोन ग्रुपनी एकाच कॅन्सरवर काम केलं तर दोन वेगळ्याच याद्या. मी आयुष्यभर डेटाबेस सांभाळलेत, भरपूर कॉलम आणि थोड्या ओळी दिल्या की कुठलंही नातं जुळवून दाखवता येतं, लग्नाच्या पत्रिकेसारखं. सगळंच तसं आहे असं नाही. हॉटएअर नावाचा आरएनए, २०१० मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये दाखवलं की तो जास्त असला की पसरण्याचा धोका जास्त, आणि तो पेशीत काय उचापत करतो तेही दाखवलं. मालॅट१, २००३, फुप्फुसाच्या कॅन्सरमधून, त्याचं नावच मेटास्टेसिसवरून. प्रोस्टेटमध्ये श्लॅप१ म्हणून एक आहे, सुमारे चौथाई ट्यूमरमध्ये सापडतो, २०१४ मध्ये १००८ पेशंटच्या नमुन्यांत बघितला तर मेटास्टेसिसशी सगळ्यात घट्ट जोडलेल्या आरएनएंपैकी तो निघाला. पण शोध लागणं वेगळं आणि उद्या सकाळी डॉक्टर फॉर्मवर टिक करू शकेल अशी टेस्ट बनणं वेगळं, मध्ये वीस वर्षं, मेणाचे ब्लॉक आणि इन्शुरन्सची पत्रं असतात.

मायक्रो आरएनए म्हणजे हेच का, असं पण विचारलं त्याने, कारण २०२४ चं नोबेल अँब्रोस आणि रव्हकनला मिळालं तेव्हा ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं. चुलतभाऊ म्हण. ते अगदी बारके, बावीस-एक अक्षरांचे, पहिला १९९३ मध्ये एका किड्यात सापडला. डेसिफरमधले २२ आणि त्यातली २२ अक्षरं यांचा काही संबंध नाही, मी पण गोंधळलो होतो.

तर स्टार साडेतीन. अर्धा ठळक आकड्याचा, अर्धा लाइनचा, आणि राहिलेला अर्धा किमतीचा, पाच हजार डॉलर हा ज्याचं अपील मंजूर होत नाही त्याच्यासाठी थट्टेचा विषय नाही. करावी का? तुमच्यापुढे आत्ता खरोखर दोन रस्ते असतील आणि आकडा इकडचा आला तर हा रस्ता, तिकडचा आला तर तो, असं डॉक्टर टेस्टच्या आधी तोंडाने सांगू शकत असेल तर करा. आकडा काहीही आला तरी करणार तेच असाल तर तो आकडा फक्त उशाखाली ठेवायला मिळेल, आणि तो टोचतो.

माझा पीएसए गेली दोन वर्षं मोजण्याच्या खाली आहे. मित्राचा ब्लॉक मंगळवारी गेला, बरोबरचा आहे याची त्याच्या बायकोने स्वतः फोन करून खात्री केली. त्याला मी एवढंच सांगितलंय की रिपोर्ट आला की आधी खालची टक्केवारी वाच, आणि मला फोन कर पण जेवायच्या वेळेला नको.